आसनक्षमता : एक

विषय : ट्रॅक्टरच्या नोंदणी पुस्तकातील आसनक्षमता 'एक'ऐवजी 'दोन' करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) डॅशबोर्डावरील तांबडा दिवा. २) डाव्या मडगार्डाखालची, कुठेच न जाणारी वायर. ३) पाटाच्या मोरीवर अर्जदाराने तोंडी उच्चारलेला एक शब्द.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार जालिंदर हा गृहस्थ सरळ आहे, निर्व्यसनी आहे आणि वायरिंगच्या बाबतीत अहंकारी आहे. यातली तिसरी बाब अर्जात नमूद केलेली नाही. पण ती समजून घेतल्याशिवाय बाकीचं प्रकरण समजायचं नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

१

जालिंदर पलटणीत हवालदार होता. लष्करी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. चोवीस वर्षांची नोकरी संपवून ट्रंक घेऊन उंब्रजच्या स्टँडवर उतरला आणि पहिल्याच चहाच्या गाड्यावर लोकांनी त्याला मेजर केलं. सरकारला चोवीस वर्षांत जे जमलं नाही ते गावानं एका कटिंगमध्ये करून टाकलं. अशी बढती आपल्याकडेच मिळते, आणि ती कुणी नाकारल्याचंही ऐकिवात नाही.

चाफळ रस्त्याला त्यानं पत्र्याची शेड टाकली. शेडवर पाटी लावली : 'मेजर ऑटो इलेक्ट्रिक. इथून गेलेलं काम परत येत नाही.' सुरुवातीला काही लोक या पाटीला बिचकले. इथे दिलेली गाडी परत मिळत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. जालिंदरनं पाटी बदलली नाही. "ज्याला वाचता येत न्हाई त्याची गाडी मला नको," एवढंच म्हणाला.

शेडमध्ये एक लांबट रजिस्टर असे. गाडीचा नंबर, दोष, उपाय, आणि शेवटचा रकाना 'परत आली काय?' दरवर्षी एकतीस डिसेंबरला या रकान्याखाली जालिंदर लाल शाईनं, सावकाश, शाळेतल्या सुवाच्य अक्षरात 'निरंक' असं लिही. एकोणीस वर्षांचे एकोणीस निरंक. भिंतीवरच्या पदकांकडे तो कधी कुणाचं लक्ष वेधत नसे. रजिस्टर मात्र आल्यागेल्याला उघडून दाखवी.

घरात त्याची बायको अंजना. तिनं नवऱ्याची बाकी शिस्त मान्य केली होती, एक गोष्ट सोडून. फौजेतून आल्यावर हा घराबाहेर पडताना खाडकन 'जातो' म्हणायचा.

"जातो काय जातो? येतो म्हणावं," ती चुलीपासून ओरडायची. "आन् कुणाला वाटं लावताना 'जा' म्हणू नगासा. माणूस कायमचा जातोय व्हय? 'या' म्हणायचं. या."

एकोणीस वर्षं रोज ओरडा खाल्ल्यावर पलटणीतला गडीही सुधारतो. आता तर दारावर आलेल्या साबण विकणाऱ्याला 'नको' म्हणून झाल्यावरही जालिंदर सवयीनं म्हणे, "बरं, या." आणि साबणवाला खरोखरच पुढच्या आठवड्यात येई.

२

यंदाच्या फेब्रुवारीत लालासाहेब आपला ट्रॅक्टर घेऊन शेडवर आले. ट्रॅक्टर त्यांचा मुलगा धैर्यशील चालवत होता, लालासाहेब डाव्या मडगार्डावर बसले होते. चाकावरच्या त्या पत्र्यावर हक्कानं कसं बसायचं, हे लालासाहेबांकडून शिकावं. पाटलाच्या गादीवर बसल्यासारखं.

ट्रॅक्टर तीस वर्षांचा, शिराळ्याहून जुन्यात घेतलेला, सांगलीच्या नंबराचा. रंग नवा, पत्रा जुना. हूड नाही, टेप नाही. पुढं मात्र ठळक अक्षरात घराण्याचं नाव.

"मेजर, तांबडा दिवा लागतोय गड्या," लालासाहेब म्हणाले. "ऑइलचा."

"ऑइल हाय का?"

"आवं ऑइल हाय, प्रेशर हाय. दोन मिस्त्री झालं. एकानं पंप बघितला, एकानं स्विच बदलला. दिवा लागतोय त्यो लागतोयच."

"कवा लागतोय?"

"मोरी आली की," धैर्यशील म्हणाला.

मोरी म्हणजे रानाच्या वाटेवर पाटाचं पाणी रस्त्याखालून जातं ती जागा. दोन बाजूंना हातभर उंचीचे दगडी कठडे. उन्हातान्हाचा माणूस तिथं टेकतो, वडापच्या जीपची वाट बघतो. दुसरं तिथं काही नाही.

"धक्क्यानं कुठंतरी अर्थ लागत असणार," जालिंदर म्हणाला.

इथं थोडं थांबायला हवं. गाडीच्या वायरिंगवाले ज्याला 'अर्थ' म्हणतात तो म्हणजे बॉडीचा लोखंडी सांगाडा. ऑइलच्या दिव्याला एका बाजूनं बॅटरीचा करंट कायम आलेला असतो. त्याची दुसरी वायर इंजिनावरच्या एका स्विचला जाते. ऑइलचं प्रेशर पडलं की तो स्विच वायर बॉडीला चिकटवतो, म्हणजे तिला अर्थ मिळतो, आणि दिवा लागतो. थोडक्यात, अर्थ लागला की दिवा लागतो. प्रेशर नीट असताना दिवा लागला, तर समजायचं की वायर वाटेत कुठंतरी सोलली आहे आणि नको तिथं अर्थ लागतो आहे. लष्करात असो की साहित्यात, नको तिथं अर्थ लागणं हाच मुख्य दोष असतो, आणि तो शोधायला शांत डोकं लागतं.

"उद्या दुपारी न्या," जालिंदर म्हणाला. "पाटी वाचली न्हवं?"

"वाचली की," लालासाहेब मडगार्डावरून उतरत म्हणाले. "तुमी आमचं बी आयका. आमच्या घराण्यात रस्त्याकडंच्या माणसाला 'बसा' म्हणल्याबिगर गाडी फुडं जात न्हाई. आज्यापास्नं. बैलगाडी व्हती तवापास्नं. ह्या मडगार्डाला कवा गंज चढला न्हाई, बसून बसून. अशा गाडीचा दिवा चुकीचा लागतोय, म्हंजी लाज हाय."

दोन अभिमानी माणसं एकमेकांकडे क्षणभर आदरानं बघत उभी राहिली.

३

दुसऱ्या दिवशी जालिंदरनं धैर्यशीलसमोरच प्रेशर स्विचची वायर काढून मोकळी लोंबत ठेवली. आता चावी फिरवली तरी दिवा लागायचं कारण नव्हतं. नाहीच लागला. जालिंदरनं वायरचा झुबका पायापासून डोक्यापर्यंत हलवला. पुढची बाजू, स्टिअरिंगखाली, पायऱ्यांच्या आत. दिवा मेलेला. मग जरा टेकावं म्हणून धैर्यशील डाव्या मडगार्डावर बसला, आणि दिवा लागला.

"ऊठ."

धैर्यशील उठला. दिवा विझला.

"बस."

दिवा लागला.

जालिंदर मडगार्डाखाली उताणा झाला आणि बॅटरी मारली. दोन मिनिटांत तो हसला. पूर्वी कुणीतरी मागचा नांगराचा लाईट बसवताना रंग बघून चुकीच्या वायरला जोड दिला होता. पुढं तो लाईट निघून गेला, पण वायर राहिली. ऑइलच्या दिव्याकडून निघालेली, मडगार्डाखाली येऊन संपणारी, कुठंच न जाणारी वायर. तिचं उघडं टोक पत्र्यापासून अर्धा बोट खाली. पत्रा म्हातारा. कुणी बसलं की 'कर्र' करून दबायचा आणि टोकाला टेकायचा. अर्थ लागायचा.

"दोन मिस्त्री झालं म्हणं," जालिंदर मडगार्डाखालून म्हणाला. हा आवाज अंजनानं ऐकला असता तर दृष्ट काढली असती, इतका तो खूश होता.

पण नुसता दोष सापडून त्याचं समाधान होत नसे. किती वजनाला दिवा लागतो, हे रजिस्टरात लिहायला हवं. शेडमागच्या दुकानातून खताचं पन्नास किलोचं पोतं आणलं, मडगार्डावर ठेवलं. दिवा नाही. त्यावर पाण्याचा दहा लिटरचा कॅन ठेवला. पत्रा 'कर्र' वाजला. दिवा लागला.

'साठ किलोच्या आत दिवा लागत नाही,' असं त्यानं लिहिलं. खाली सही केली.

मग पेनाचं टोपण लावता लावता त्यानं सहज विचारलं, "मोरीवर दिवा लागतोय तवा मडगार्डावर कोण असतंय?"

"कोण न्हाई," धैर्यशील म्हणाला. "येकटाच असतोय की मी."

"धक्क्यानं दबत असंल."

"असंल."

"मोरी ओलांडली की जातोय न्हवं?"

"न्हाई. मोरीपास्नं रानापत्तूर लागूनच असतोय. हालत बी न्हाई. रानात गाडी उभी केली, की मग जातोय."

धक्क्यानं पत्रा दबतो, पण धक्का संपला की वर येतो. अर्धा मैल दबून राहायला त्याच्यावर साठ किलो लागतात. जालिंदरला हे कळायला अर्धा क्षण लागला. उरलेल्या अर्ध्या क्षणात त्यानं ते बाजूला सारलं. वायर सापडली होती. टोक सोलवटलेलं होतं. दोष हातात होता. हातातला दोष सोडून डोक्यातल्या दोषाच्या मागं लागायचं, हे फौजेत शिकवत नाहीत.

त्यानं टोकाला टेप गुंडाळली, वरून नळी चढवली, वायर पट्टीनं बांधून टाकली. प्रेशर स्विचची जोडणी परत केली. रजिस्टरात 'दोष निवारण' लिहिलं.

"या," तो धैर्यशीलला म्हणाला.

४

नवव्या दिवशी धैर्यशीलची बायको सृष्टी स्कूटीवरून शेडवर आली. ती एका पतसंस्थेत नोकरीला होती आणि गळ्यात ओळखपत्र अडकवूनच बोलत असे. तिनं आधी पाटी वाचली, मग जालिंदरकडे बघितलं.

"काका, एक विचारू? ऐकू कमी येतं का यांना, हे तुम्ही बघता का?"

"मी वायरमन हाय पोरी. कान न्हाई बघत."

"यांचा डावा कान," ती म्हणाली. "जेवताना मान डावीकडं वाकवतात आणि मधेच 'अं?' म्हणतात. मी काही बोललेलीच नसते. टीव्ही बंद असतो. सासूबाई म्हणतात, ट्रॅक्टरच्या आवाजानं बधीर झाला असेल. पण बधीर झालेला माणूस बोलल्यावर 'अं' करतो. हे कुणी न बोलता करतात." ती थांबली. "आणि काल 'व्हय' म्हणाले."

जालिंदरनं पक्कड खाली ठेवली.

ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसलेला माणूस कसा बोलतो, हे इकडच्या कुणालाही सांगायला नको. इंजिनाचा दणका चालू असतो. बोलायचं असेल तर चालवणाऱ्याच्या डाव्या कानाशी तोंड न्यावं लागतं आणि ओरडावं लागतं. चालवणारा रस्त्यावरची नजर काढत नाही, नुसती मान वाकवतो आणि म्हणतो, "अं?"

त्याच दुपारी धैर्यशील ट्रॅक्टर घेऊन आला. एकोणीस वर्षांत परत आलेलं पहिलं काम. शेडच्या दारात इंजिन बंद झालं तेव्हा जालिंदर पाटीकडे न बघता उभा राहिला.

"लागतोय?"

"न्हाई मेजर. दिवा लागत न्हाई."

"मग?"

"त्येच म्हणतोय. परत लागंल असं करा."

जालिंदरला राग आला, आणि रागानं त्याला बरं वाटलं. "चांगलं केल्यालं बिघडवून देऊ? येडा झालास का रं?"

"मडगार्ड वाजतंय," धैर्यशील हळू बोलला. "मोरी आली की वाजतंय. आदी दिवा बघून तरी समजत व्हतं. आता कवा बसलंय, कवा उतारलंय, कायच कळंना. रानात गेलो तरी वाटतंय हाय. घरी आलो तरी वाटतंय हाय. दिवा असला म्हंजी एकदा इझला की सुटलो."

"कोण बसलंय?"

धैर्यशील स्टिअरिंगच्या चाकाकडे बघत सांगू लागला.

"पयल्यांदा ट्रॅक्टर रानात नेला त्या दिशी. मोरीवर कोण तरी बसल्यालं वाटलं. तोंड काय बघितलं न्हाई. आपली सवय, म्हणलं, 'बसा की पावनं.' गाडी हळू केली. मडगार्ड वाजलं. मी गिअर टाकून निघालो. निम्म्या वाटंत बघतोय तर कोण न्हाई. म्हणलं, बसला नसंल."

"कुठं जायचंय म्हणून इचारलंस?"

धैर्यशीलनं चमकून वर बघितलं. "निघाल्या माणसाला 'कुठं' म्हणून इचारत्यात व्हय, मेजर?"

खरं होतं. विचारत नाहीत. निघालेल्याला 'कुठं' विचारणं हा अपशकुन. माणूस आपणहून सांगतो, आपण ऐकतो. पण ऐकू आलं नाही तर काय करायचं, याची रीत कुणी घालून दिलेली नाही.

५

जालिंदरनं टेप सोडली. पण ऑइलच्या दिव्याशी ती वायर त्यानं जोडलेली ठेवली नाही. दोन कामांना एक दिवा, हा त्याच्या लेखी अपराध होता. जुन्या स्कूटरचा एक हिरवा दिवा त्यानं तांबड्या दिव्याशेजारी बसवला आणि कुठंच न जाणारी वायर त्याला नेऊन दिली. तांबडा दिवा ऑइलचा. हिरवा मडगार्डाचा. आता जे काही असेल ते स्वच्छ दिसणार होतं.

"मी चालीवतो," तो म्हणाला. "तू हितंच थांब."

घरावरून जाताना अंजना दारात होती. "कुठं" असं तिनंही विचारलं नाही. "येतो," जालिंदर म्हणाला.

चार वाजले होते. ऊन तोंडावर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना उसाचे खोडवे. जालिंदर खुशीत होता असं म्हटलं तरी चालेल. चाचणी नीट मांडली होती. मोरी जवळ आली. कठडे रिकामे होते. दोन्ही कठडे त्यानं नीट बघितले, रिकामेच होते. त्यानं गाडी हळू केली नाही, कुणाला 'बसा' म्हटलं नाही.

'कर्र.'

हिरवा दिवा लागला.

डावीकडे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं नव्हतं. मान वळली नाही, एवढंच. पत्रा जुना आहे, तो म्हणाला. तापला की वाकतो. उन्हानं लोखंड वाढतं, हे शाळेत शिकवलेलं आहे. मनातल्या मनात त्यानं तापमान, पत्र्याची जाडी, अर्धा बोट अंतर असा हिशेब मांडला. हिशेब बरा जमत होता. आणि मग त्याला कळलं की आपली मान डावीकडे वाकलेली आहे आणि आपण नुकतंच "अं?" म्हटलं आहे.

रानाच्या तोंडाला त्यानं इंजिन बंद न करताच ट्रॅक्टर वळवला. हिरवा दिवा तसाच. आता ऊन पाठीवर आलं आणि ट्रॅक्टरची सावली पुढं रस्त्यावर पडली. लांबलचक. दोन मोठी चाकं, त्यांवरची दोन मडगार्डं, मधे जालिंदरचं डोकं आणि टोपी. उजवं मडगार्ड वरून सरळ होतं.

डावं सरळ नव्हतं.

ते काय होतं, हे जालिंदरनं पुढं कुणालाही नीट सांगितलेलं नाही. उंचवटा, एवढाच शब्द तो वापरतो. उंचवटा मडगार्डावर होता. मग तो उजवीकडे कलला. सावकाश, तोल सांभाळत, चालत्या गाडीवर माणूस कलतो तसा, आणि टोपीच्या सावलीला येऊन चिकटला. कानाच्या जागी.

डावा कान गार पडला. वाऱ्यानंही पडतो, तो म्हणाला. वारा उजवीकडून होता.

तेव्हा जालिंदरनं ते केलं, जे लालासाहेबांच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. समोर बघत, कवायतीच्या आवाजात तो ओरडला,

"कुठं उतरायचं?"

इंजिनाच्या दणक्यात काहीतरी बोललं गेलं. बराच वेळ बोललं गेलं. ऐकू काही आलं नाही. मोरी आली. जालिंदरनं स्टॉपची दांडी ओढली.

चालत्या ट्रॅक्टरवर कुणी ओरडून बोलत असलं आणि इंजिन अचानक बंद झालं, तर बोलणाऱ्याला ते पटकन कळत नाही. शेवटचा शब्द शांततेत तसाच मोठ्यानं पडतो. सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. लोक हसतात.

"–थंच!"

रस्त्यावर, उसावर, पाटाच्या पाण्यावर तो शब्द पडला आणि राहिला. इथंच की तिथंच, ते कळलं नाही. पहिलं अक्षर इंजिनानं खाल्लं होतं.

इंजिन थांबलं म्हणून तांबडा दिवा लागला. तो लागायलाच हवा. मग पत्रा वाजला, या वेळी उलटा, ओझं उतरल्यासारखा. हिरवा दिवा विझला.

जालिंदरनं श्वास सोडला. वायर बरोबर. दिवा बरोबर. अंदाज बरोबर. विचारलं, थांबलो, उतरवलं. सगळं यथासांग झालं होतं. धैर्यशीलचा कान सुटला होता आणि रजिस्टरातला रकाना वाचला होता. चोवीस अधिक एकोणीस वर्षांचा अभिमान एकदम छातीत भरून आला. माणूस खुशीत असला की हिशेबानं बोलत नाही. सवयीनं बोलतो. आणि सवय अंजनानं लावलेली होती.

मोरीच्या रिकाम्या कठड्याकडे न बघता, मान हलवून, दारातून पाहुण्याला वाटं लावावं तसा तो म्हणाला,

"बरं, या."

ऐकलं गेलं.

'कर्र.'

६

हिरवा दिवा तेव्हापासून विझलेला नाही. चावी फिरवली की तो लागतो. गाडी रानात असो, शेडमध्ये असो, उन्हात असो, सावलीत असो.

धैर्यशीलचा कान बरा आहे. सृष्टीनं मुद्दाम येऊन सांगितलं. तो जेवताना ताटाकडे बघतो आणि कुणी बोलल्याशिवाय बोलत नाही. तो आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रान करतो. लालासाहेबांनी आपला ट्रॅक्टर जालिंदरच्या शेडमध्येच ठेवला आहे.

"त्यो हिरवा दिवा तोडून टाका आन् भंगारात घाला," ते म्हणाले. "पायजे तर मडगार्ड बी कापा, मी पत्रा देतो नवा."

"का?" जालिंदर म्हणाला. "दिवा खोटं बोलतोय? साठ किलो असलं की लागतोय. लागलाय. म्हंजी साठ किलो हाय. वायरिंगमदी दोष न्हाई लालासाहेब. खरं सांगणारा दिवा मी तोडायचा व्हय?"

"आवं मग चूक कुठं हाय?"

"कागदात," जालिंदर म्हणाला.

आणि त्यानं नोंदणी पुस्तक उघडून दाखवलं. आसनक्षमता : एक.

अंजनाला त्यानं 'या' शब्दाबद्दल सांगितलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या डाव्या खांद्याकडे बघितलं, आणि मग पदरानं तोंड पुसलं.

"मग काय 'जा' म्हणायचं व्हतं?" ती म्हणाली. "आसं कुणाला म्हणत्यात?"

एकतीस डिसेंबरला बराच अवकाश आहे, पण शेवटच्या रकान्यात जालिंदरनं आताच पेन्सिलीनं 'निरंक' लिहून ठेवलं आहे. काम परत आलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. दोष नव्हता, त्यामुळे काम नव्हतं. पाटी जागेवर आहे. हिरव्या दिव्याखाली त्यानं पांढऱ्या रंगानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे : आसन क्र. २. इतकं नेटकं काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या डॅशबोर्डावर दाखवा, असं तो आल्यागेल्याला म्हणतो.

रोज चार वाजता तो ट्रॅक्टर मोरीपर्यंत नेतो, परत येताना एकदा मोठ्यानं विचारतो आणि इंजिन बंद करून ऐकतो. पहिलं अक्षर अजून लागलेलं नाही. 'या'च्या जागी दुसरा शब्द म्हणून बघावा, असं लालासाहेबांनी सुचवलं. जालिंदरनं दोनदा तोंड उघडलं. 'जा' हा शब्द त्याच्या तोंडून येत नाही. अलीकडे जेवताना तो मान डावीकडे वाकवतो. अंजना काही बोललेली नसते. ती ताटात आमटी वाढते आणि एक वाटी जास्तीची ठेवते.

आसनक्षमता दुरुस्तीचा अर्ज रीतसर, तिकीट लावून, तीन प्रतींत सादर करण्यात आला. कार्यालयानं एक त्रुटी काढली : 'दुसऱ्या आसनावर बसणाऱ्या व्यक्तीचे नाव व उतरण्याचे ठिकाण यांचा खुलासा करावा.' अर्जदारानं आठ दिवसांच्या आत उत्तर दिलं : 'नाव विचारलेले आहे. उतरण्याचे ठिकाण इथंच की तिथंच, हे इंजिनाच्या आवाजामुळे स्पष्ट ऐकू आलेले नाही. चौकशी चालू आहे. वायरिंग निर्दोष असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.'

अर्ज प्रलंबित आहे.